आईच्या शेंगाचटणीवर लेख लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळ बार्शीचे आणि आता पुण्यात नोकरी करणारे एक वाचक लिहितात: "आईच्या शेंगाच्या चटणीवर, आमच्या स्वयंपाकघरावर एक लेख लिहिला. घरच्यांना आवडला, आई तर वाचताना रडली. पण छापायला पाठवला तेव्हा परत आला. एका संपादकांनी कळवलं की लेख चांगला आहे, पण असे लेख आमच्याकडे बरेच येतात. असे म्हणजे कसे? मी काय बदलू? शिवाय, आजी आईला तेल मोजून द्यायची, फडताळाला कुलूप असायचं, हे मी लिहिलेलं नाही. काका आणि आत्या अजून आहेत. ते लिहावं का?" सोबत त्यांनी लेखही पाठवला आहे.

तुमचा लेख नीट वाचला. गेली बरीच वर्षं मी दिवाळी अंकासाठी आणि पुरवणीसाठी ललित लेख निवडण्याचं, त्यांवर लेखकांबरोबर बसून काम करण्याचं काम करते आहे. त्यामुळे त्या संपादकांना काय म्हणायचं होतं ते मला कळतं, आणि तुमच्या लेखात काय दडलेलं आहे तेही दिसतं. दोन्ही सांगते.

'असे लेख' म्हणजे आषाढापासून संपादकाच्या टेबलावर जे येऊ लागतात ते. त्यात आईच्या किंवा आजीच्या हाताला चव असते. पाटा-वरवंटा असतो, चुलीचा धूर असतो. गरिबी असते पण समाधानही असतं. मग शहर येतं, मिक्सर येतो, आणि शेवटी ती चव आता राहिली नाही असं म्हणून लेख संपतो. यातलं काहीच खोटं नसतं. लिहिणाऱ्याचं प्रेमही खरं असतं. अडचण एवढीच की त्यातली आई कुणाचीही असू शकते. तुमच्या लेखात 'आई'च्या जागी 'मावशी' घाला आणि 'शेंगाची चटणी' काढून 'पुरणपोळी' लिहा. पहिल्या दोन पानांतली बहुतेक वाक्यं जागची हलणार नाहीत. 'तिच्या हाताला अशी काही चव होती की पंचपक्वान्नं फिकी पडावीत' हे वाक्य तुमच्या आईबद्दल काहीही सांगत नाही. घरच्यांना ते पुरतं, कारण उरलेलं ते स्वतःच्या आठवणीतून भरून काढतात. आई रडली कारण ती स्वतःलाच वाचत होती. परक्या माणसाच्या हातात मात्र फक्त कागद असतो.

आता तुमच्या लेखातलं एक वाक्य बघा. तिसऱ्या पानावर, एका परिच्छेदाच्या मधोमध तुम्ही लिहून गेला आहात: 'आई दाणे भाजत असताना दारावरची बेल वाजली तरी उठायची नाही.' बस्स. ही तुमची आई. इथे मी थांबले. ही बाई कोण आहे, ती का उठत नाही, दाराबाहेर कोण उभं आहे, हे सगळं मला जाणून घ्यावंसं वाटलं. तुम्ही मात्र पुढच्याच वाक्यात 'इतकी ती स्वयंपाकात रमून जायची' म्हणून दार लावून घेतलंत. रमून जाणं हे तुमचं अनुमान आहे. न उठणं ही घडलेली गोष्ट आहे. घडलेली गोष्ट ठेवा, अनुमान काढून टाका.

ती का उठत नाही याचं उत्तर त्या कामातच आहे, आणि लिहिण्याआधी ते काम एकदा हाताने करून बघा. दाणे मंद आचेवर भाजायला वेळ लागतो. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं, मग साल तडकायला लागतं, वास बदलतो, आणि त्यानंतर सगळं झपाट्याने घडतं. लोखंडी कढई तापलेली असते. गॅस बंद केला तरी तिच्यातली उष्णता दाणे भाजतच राहते, म्हणून ते लगेच परातीत काढावे लागतात. मूठभर दाणे करपले तरी कडसर चव सगळ्या घाण्याला लागते. मग दाणे हाताने चोळायचे, सालं पाखडून काढायची. लसूण, जिरं, मीठ, तिखट आणि दाणे उखळात किंवा खलबत्त्यात कुटायचे. कुटता कुटता दाण्याच्या अंगचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली की गोळा बसतो. सोलापूरकडच्या चटणीचं सगळं त्या सुटलेल्या तेलात आहे. मिक्सरमध्ये सलग फिरवली तर पातं तापतं, दाण्याचा लगदा होतो. थांबत थांबत, उलटत पालटत फिरवावी लागते, आणि तरीही कुटलेल्या चटणीत दाण्याचे जे लहानमोठे तुकडे राहतात ते काही मिळत नाहीत. तुमच्या लेखात 'मिक्सरमध्ये ती मजा नाही' एवढंच आहे. मजा कशी जाते ते सांगितलंत तर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवेल, आणि मग आईच्या स्वभावाबद्दल तुम्ही काही म्हणालात तर तेही मानेल.

एक शंका तुम्हाला येईल, की मग ही पाककृती होईल. नाही होणार. पाककृती वाचणाऱ्याला काय करायचं ते सांगते, लेख काय घडलं ते सांगतो. ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला, हे पाककृतीतही येईल. पण वडिलांना पित्ताचा त्रास सुरू झाल्यावर आईने कुणाला न सांगता लवंगी कमी केली आणि ब्याडगी वाढवली, चटणी तेवढीच लालभडक राहिली आणि वडिलांना काही कळलं नाही, असं जर तुमच्या घरात घडलं असेल, तर तिथे लेख सुरू होतो. प्रमाण तेच असतं. ते का बदललं हे कळल्यावर त्या प्रमाणातून माणूस दिसू लागतो.

आता एक तांत्रिक गोष्ट. मराठीतल्या आठवणीपर लेखनाचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा दोष आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. तुमच्या लेखाची क्रियापदं बघा: करायची, द्यायची, म्हणायची, बसायचो, यायचे, असायचं. पानामागून पान हेच. आपल्या भाषेत हे रूप फार सोयीचं आहे. वर्षानुवर्षांचा रिवाज ते एका शब्दात उचलतं, आणि म्हणूनच त्याची सवय लागते. पण या रूपात कधीच काही घडत नाही. सगळं नेहमीच होत असतं. आई नेहमी पहाटे उठायची, आजी नेहमी ओरडायची, आम्ही भावंडं नेहमी भांडायचो. वाचणारा गुंगतो, डोलतो, आणि लेख संपल्यावर त्याच्या हाती एकही दिवस लागत नाही. स्वयंपाकघर हे रोज तेच घडण्याचं ठिकाण, त्यामुळे तिथलं लेखन या सापळ्यात फार लवकर अडकतं.

यावर उपाय एकच. रिवाज चार-पाच वाक्यांत सांगून टाका आणि मग एका दिवसावर या. 'आली', 'म्हणाली', 'उठली नाही' या क्रियापदांवर या. तो दिवस मोठा प्रसंग असण्याची गरज नाही. कुणी मेलं पाहिजे, कुणाचं लग्न मोडलं पाहिजे असं नाही. फक्त त्या दिवशी नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं झालेलं असावं. तुमच्याच वाक्यावरून मी नमुना करून दाखवते. यातले तपशील माझे आहेत, तुमचे तुम्हाला शोधावे लागतील:

'दाणे भाजताना आई कढईसमोरून हलत नसे. दहावीचा निकाल लागला त्या दुपारी मी बेल वाजवली, परत वाजवली, मग दार बडवलं. आतून कालथ्याचा आवाज येत होता. शेवटी शेजारच्या काकूंनी मला त्यांच्या घरात बोलावलं आणि माझे मार्क आईच्या आधी त्यांना कळले. दार उघडलं तेव्हा आईच्या हातात परात होती. "किती पडलं?" तिने विचारलं, आणि मी सांगेपर्यंत ती दाणे पसरत राहिली.'

इथे आईच्या प्रेमाबद्दल एक शब्द नाही, तिच्या रागाबद्दलही नाही. वाचकाला दोन्हीचा अंदाज बांधू द्या. शेजारच्या काकूंना निकाल आधी कळला याचं मुलाला वाईट वाटलं की नाही, हेही मी लिहिलेलं नाही. ते पुढे कुठेतरी येईल, किंवा येणारही नाही.

असे दिवस आठवत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात. नुसतं आठवत बसून ते येत नाहीत, ते विचारावे लागतात, आणि विचारायचीही एक पद्धत असते. 'आई, तुझ्या लहानपणाबद्दल सांग' म्हटलं की आई सावरून बसते आणि चांगलं चांगलं सांगते. तिचे हात कामात असताना विचारा. भाजी निवडताना, दाणे सोलताना. फोनवर ध्वनिमुद्रण करत असाल तर तसं सांगून करा. दोन-चार मिनिटांत ती विसरते. कशी केलीस हे विचारू नका. शेंगा कुठून यायच्या, घरच्या की विकतच्या? पैसे कोण द्यायचं? उखळ कुणाचं होतं? आधी कोण जेवायचं, शेवटी कोण? शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला काय उरायचं? अशा प्रश्नांना आईकडे ठाम उत्तरं असतात, कारण हे हिशेब तिने रोज केलेले असतात. आणि एका उत्तरावर थांबू नका. "तवा कुठलं आलंय एवढं तेल" असं ती म्हणाली तर लगेच पुढच्या प्रश्नाकडे न वळता विचारा, "मग कसं भागवायचीस?" खरी गोष्ट बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाला येते.

बोलकी नसलेली माणसंही असतात. त्यांच्यासाठी मला भांड्यांचा फार उपयोग होतो. आपल्याकडे लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यांवर नावं कोरून देण्याची पद्धत आहे. दुकानदार त्या छोट्या मशिनने ठिपक्याठिपक्यांत कोरून द्यायचा: कुणाकडून, कुणाला, तारीख. माळ्यावरची सगळी भांडी एकदा खाली काढा आणि आईला समोर बसवून ती नावं मोठ्याने वाचा. हे पातेलं देणारे कोण? त्यांच्याकडे जाणं का बंद झालं? या तांब्यावर आईचं माहेरचं नाव आहे, मग तो इतकी वर्षं माळ्यावरच का? ज्या घरांत डायरी लिहिली जात नाही त्या घरांचा इतिहास असा स्टीलवर आणि पितळेवर लिहिलेला असतो, तारखेसकट. किराणा मालाची जुनी वही, रेशन कार्ड, फोटोच्या मागे लिहिलेली ओळ यांचाही असाच उपयोग होतो. एका शिबिरात एका बाईंनी केवळ डब्यांवरच्या नावांवरून सासरच्या वाटणीचा लेख लिहिला होता. कुठला डबा कुणाच्या घरी गेला एवढंच त्यात होतं, आणि वाटणीचं सगळं कडू त्यात उतरलं होतं.

तारखा महत्त्वाच्या. तुमच्या लेखात एक वाक्य आहे की आई ताटातला भाकरीचा कण सांडू देत नाही, 'कारण तिच्यावर तसे संस्कार होते'. तुमची आई आज चौसष्टची, बालपण बार्शी तालुक्यातलं. म्हणजे 1972 च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची असणार. त्या वर्षी माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामावर गेली. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची, आणि शाळूच्या पांढऱ्या भाकरीची सवय असलेल्या सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसांना ती खावी लागली. त्या भागात आजही एका पिढीसमोर मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. रोजगार हमीचा कायदा राज्यात 1977 साली झाला, त्याची मुळं या कामांत आहेत. ही सगळी माहिती तुम्ही लेखात ओतावी असं मी म्हणत नाही. ओतलीत तर तो शाळेतला निबंध होईल. पण तुम्हाला ती माहीत हवी. कारण मग तुम्ही आईला विचारू शकता, 'तू गेली होतीस का कामावर? मिलोची भाकरी कोण थापायचं? थापली तर जायची का?' आणि 'संस्कार' या गुळगुळीत शब्दाच्या जागी एका मुलीची एक दुपार येईल. कदाचित ती म्हणेल की नाही बाबा, आमच्याकडे विहिरीला पाणी होतं, आम्हाला झळ लागली नाही. मग तेही खरं, आणि मग कण न सांडण्याचं कारण दुसरीकडे शोधा. आधी ठरवलेलं दुःख आईच्या अंगावर चढवू नका.

आता ते कुलूप.

तुम्ही ते लेखातून वगळलंत आणि पत्रात लिहिलंत. मला वाटतं तुमच्या लेखाची गाठ तिथेच आहे. ललित लेखाला नुसता विषय पुरत नाही. लिहिणाऱ्याला स्वतःला न सुटलेलं काहीतरी त्यात असावं लागतं, म्हणजे लिहिता लिहिता तो कुठेतरी जातो. पहिल्या ओळीलाच शेवटची ओळ ठाऊक असेल तर वाचकाने मधली पानं का वाचावीत? तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एका घरात तेल फडताळात कुलपात आहे आणि सुनेला मोजून मिळतं. त्याच घरातली सून दाणे कुटून कुटून अशी चटणी करते की तिला वेगळं तेल लागतच नाही, ते दाण्यातूनच सुटतं. या दोहोंचा संबंध आहे का, मला माहीत नाही. चटणी त्या भागात सगळीकडे अशीच होते, त्यामुळे तो नसण्याचीच शक्यता जास्त. पण आईला विचारा. तेल कुलपात गेल्यावर ताटात काय बदललं? भाजी कोरडी झाली का? चटणी जास्त होऊ लागली का? शेंगाही मोजून मिळायच्या का? ती 'हो' म्हणाली तर तुमचा लेख तुम्हाला सापडला. ती 'छे, काहीतरीच' म्हणाली, तर तो संबंध लिहायचा नाही, कितीही सुंदर दिसत असला तरी. मात्र दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवता येतील. वाचक शहाणा असतो.

आणि आजीला खलनायिका करू नका. तेल कुलपात ठेवणाऱ्या बाईलाही कधीतरी कुणी मोजून दिलेलं असतं. खायची तोंडं किती होती, कमावते किती होते, साल कुठलं होतं, आजीच्या हातात या एका किल्लीशिवाय दुसरं काय होतं, हे विचारा. घरातल्या माणसाचं वेड किंवा कडकपणा निवाडा न देता कसा लिहावा हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढा. पहिला भाग 1934 साली आला. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने सगळं घर कसं वेठीला धरलं होतं ते त्या सांगतात, आणि त्या सांगण्यात ना तक्रार आहे ना माफी. वडील जसे होते तसे समोर उभे राहतात. आधी जे घडलं ते इतकं स्वच्छ सांगायचं की निवाडा लागूच नये, ही ती रीत आहे.

लिहावं की नाही याबद्दल माझी पद्धत सांगते. ज्या गोष्टीची झळ तुम्हाला लागली ती तुमची आहे, ती लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. जी गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर घडली आणि तुम्ही फक्त पाहिली किंवा ऐकली, ती त्याची आहे. कुलपाची गोष्ट आईची आहे. म्हणून छापायला पाठवण्याआधी ती आईला वाचून दाखवा, आणि हा परिच्छेद काढ असं तिने म्हटलं तर काढा. आधी कबूल करून मग मन वळवत बसू नका. काका आणि आत्या यांना परवानगी मागण्याची गरज नाही, पण छापून येण्याआधी कळवा. आपल्या आईबद्दलचं असं त्यांना दुसऱ्याकडून कळू नये. आत्याची बाजू वेगळी असेल. तिला तेच फडताळ वेगळं आठवत असेल: कुलूप कुत्र्या-मांजरांसाठी होतं, असं ती म्हणेल. ती बाजूही लेखात घ्या. दोन माणसांना एकच फडताळ दोन तऱ्हेने आठवतं, यातून लेखाला खोली येते. नावं बदलायला, गाव न सांगायला हरकत नाही. न घडलेला प्रसंग घालायला, न बोललेलं वाक्य आजीच्या तोंडी घालायला हरकत आहे. शब्द आठवत नसतील तर ती काय म्हणाली याचा आशय तुमच्या शब्दांत सांगा, अवतरणचिन्हं लावू नका.

तुमच्या लेखात आणखी एक माणूस आहे जिच्याजवळ तुम्ही थांबला नाहीत. 'उन्हाळ्यात तिखट-मसाला कुटायला एक बाई यायच्या.' नाव नाही, चेहरा नाही, पुढच्या वाक्यात आईच्या मसाल्याचं कौतुक सुरू. मला हे खटकलं आणि ते मी स्पष्ट सांगते. त्या मसाल्याची चव ज्या हातांनी आली ते हात तुमच्या आईचे नव्हते. त्यांना काय मिळायचं? पैसे की धान्य? खोकला, डोळ्यांची आग घेऊन त्या दिवसभर कुटत असताना चहा कुठल्या कपातून मिळायचा, आणि तो कप कुठे ठेवलेला असायचा? आपल्या अनेक घरांत तो कप वेगळा होता. तुमच्याकडे नसेलही; पण असेल तर स्वयंपाकघराच्या आठवणीतून तो गाळता येणार नाही. मराठी खाद्यलेखनाने असं बरंच गाळलेलं आहे. 'आपलं मराठी जेवण' म्हणून जे दीर्घकाळ छापलं गेलं ते थोड्या घरांचं जेवण होतं. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं अन्न त्याच्या कारणांसकट मांडलं, तेव्हा अनेक वाचकांना आपल्याच जिल्ह्यातलं ताट पहिल्यांदा दिसलं. पुस्तकाचं नुसतं नावच आपण ज्या श्लोकावर जेवायला बसतो त्याला उत्तर देतं. तुमचा लेख शेंगाच्या चटणीवर आहे, तो सामाजिक इतिहास नाही हे मला मान्य आहे. पण त्या बाईंचं नाव आईला विचारा. नाव न छापता त्यांना एक परिच्छेद द्या. कदाचित तुमचा पुढचा लेख त्यांच्यावरचा असेल.

भाषेबद्दल थोडंच. आईला बार्शीचीच बोलू द्या. कालवण, कोरड्यास, येसराची आमटी हे शब्द कंसात अर्थ न देता तसेच ठेवा; शेजारचं वाक्य नीट असेल तर ठाण्याच्या वाचकालाही कळतात. मात्र संवादात बोली आणि निवेदनात एकदम 'रसनेची तृप्ती', 'उदरभरण' असं करू नका. तुम्ही स्वतः जसं बोलता तसं निवेदन ठेवा. 'खमंग', 'चविष्ट', 'अप्रतिम', 'अवर्णनीय' हे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या आणि दुसऱ्यात एकूणएक काढा. चवीऐवजी शरीराचं काय झालं ते लिहा: ठसका लागला, कानशिलं तापली, दुसरी भाकरी मागितली, बोटांना लागलेलं तेल वहीच्या पानावर उमटलं. आणि सणाच्या स्वयंपाकापेक्षा साध्या दिवसाच्या स्वयंपाकाकडे वळा. पुरणपोळीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सकाळी सातचा डबा, कोपरा कापलेली दुधाची पिशवी, सिलेंडर संपल्यावर शेजारून मागून आणलेला स्टोव्ह, आलेल्या पाहुण्यासाठी आमटीत वाढवलेलं पाणी, यांवर लिहिणारे कमी.

शेवटचा परिच्छेद काढून टाका. तुमचा लेख त्याच्या आधीच्या परिच्छेदाला संपला आहे, जिथे तुम्ही पुण्यात खलबत्ता घ्यायला जाता आणि दुकानदार विचारतो, शोभेला हवा की वापरायला. त्यापुढचं 'आजही ती चव जिभेवर रेंगाळते' वगैरे सगळं त्या दुकानदाराने आधीच सांगून टाकलं आहे.

पाठवण्याबद्दल. पुरवण्यांना साधारण सहाशे ते आठशे शब्द लागतात, दिवाळी अंकांना दोन-अडीच हजार चालतात. तुमचा ऐवज दिवाळी अंकाचा आहे, पुरवणीसाठी कापलात तर कुलूप तरी जाईल किंवा मसाला कुटणाऱ्या बाई तरी. 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून असा ऐवज मुख्यतः तिथेच रुजला आहे. बहुतेक अंकांची जुळवाजुळव जून-जुलैमध्ये होते, गणपतीनंतर पाठवलेलं साहित्य सहसा पुढच्या वर्षावर जातं. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल पाठवा, पानाचे फोटो नको. एकच लेख एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. महिन्या-दीड महिन्यात उत्तर आलं नाही तर सौजन्याने विचारा, आणि नकार कळला की दुसरीकडे पाठवा. सोबतच्या पत्रात लेखाचं कौतुक किंवा सारांश नको, तुम्ही कोण, कुठले, एवढं दोन ओळींत पुरे. आधी ज्या संपादकांनी उत्तर दिलं त्यांनाच नवा खर्डा पुन्हा पाठवायला हरकत नाही, पण तो खरंच नवा असला पाहिजे, आणि बदल काय केलेत ते पत्रात एका वाक्यात सांगा. त्यांनी उत्तर द्यायला वेळ काढला होता, ते लक्षात ठेवतात.